खाड्याची किंमत

खाडा हा शब्द आता मुंबईतूनसुद्धा नाहीसा होत चालला आहे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नसे. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा, आणि त्या दिवसापायी पगारातून कापले गेलेले पैसे म्हणजेही खाडाच. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. पाळी सुटली की ते चाळीच्या मंडळाकडून हुतूतू खेळत. त्यांची पकड सुटत नसे, असे त्यांचे जुने सोबती अखेरपर्यंत सांगत. एका वर्षी मंडळाचे सामने मुंबईबाहेर ठरले आणि वडिलांचे दोन खाडे झाले. पगाराच्या दिवशी आईने पाकिटातले पैसे मोजले. ती काही बोलली नाही. पैसे पुन्हा एकदा मोजले, इतकेच. वडिलांनी मंडळाच्या कारभाऱ्यांना भीतभीत विचारले, की निदान बुडालेल्या रोजाचे पैसे तरी मिळतील का? कारभारी सुस्थितीतले गृहस्थ होते. खेळासाठी पैसे मागणे खेळाडूला शोभत नाही, असे त्यांनी गोड शब्दांत सांगितले. त्यानंतर वडील मंडळाच्या आखाड्याकडे फिरकले नाहीत.

ही गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो. पुढे निवृत्तीच्या दिवसांत वाचायला सवड झाली आणि इंग्लंडातील रग्बीच्या खेळाचा इतिहास हाती आला, तेव्हा ती एकदम आठवली. तिकडच्या गिरणीवाल्यांच्या बोलीत खाड्याला ‘ब्रोकन टाइम’ म्हणतात, म्हणजे मोडलेला वेळ. ह्या मोडलेल्या वेळापायी एक अख्खा खेळ मोडला, त्याचे दोन तुकडे झाले, आणि ते शंभर वर्षे एकमेकांचे तोंड पाहीनात. त्या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत ज्यांची आयुष्ये सापडली, त्यांपैकी एकाची हकिकत मला येथे सांगायची आहे. त्याचे नाव बिली बॉस्टन.

आपल्याकडे रग्बी फारशी कोणाला ठाऊक नाही. मी स्वतः ती प्रथम पाहिली ती बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेर उभा राहून. पावसाळ्याचे दिवस होते आणि आत धिप्पाड माणसे चिखलात एकमेकांच्या अंगावर कोसळत होती. चेंडू गोल नव्हता, अंड्यासारखा होता. पुढे कळले, की ह्या खेळात चेंडू हातात घेऊन पुढे पळता येते, पण हाताने सोबत्याकडे फेकायचा तर तो मागेच फेकावा लागतो. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो. ट्राय म्हणजे प्रयत्न. आरंभीच्या काळात नुसत्या टेकवण्याला गुण नसत. त्यामुळे फक्त चेंडू लाथाडून गोल करण्याचा प्रयत्न करण्याचा हक्क मिळे. हक्क गेला आणि नाव राहिले. ज्या काळाची ही कथा आहे त्या काळात एका ट्रायचे तीन गुण होत.

खेळ जन्मला तो इंग्लंडातील रग्बी नावाच्या गावच्या शाळेत. १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने फुटबॉल खेळता खेळता चेंडू उचलून धूम ठोकली आणि रग्बी जन्मली, ही कथा सर्वत्र सांगतात; तिला समकालीन पुरावा मात्र नाही. एवढे खरे, की खेळ श्रीमंतांच्या शाळांत वाढला आणि १८७१ साली लंडनमध्ये त्याची ‘युनियन’ स्थापन झाली तीही त्याच शाळांतून शिकलेल्या लोकांच्या हातून. हे लोक साम्राज्यात जेथे गेले तेथे खेळ घेऊन गेले. कलकत्त्यात त्यांनी क्लब काढला. तो चालेना, तेव्हा १८७८ साली बँकेतले चांदीचे रुपये काढून, ते वितळवून त्यांनी एक चषक घडवला आणि लंडनच्या युनियनला भेट दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात दरवर्षी त्यासाठी सामना होतो, आणि त्या चषकाला ‘कलकत्ता कप’ असे नाव आहे. रुपयांचा चषक करता येतो, पण रुपयांसाठी खेळता येत नाही, असा त्या मंडळींचा धर्म होता.

हा धर्म पाळणे ज्यांना परवडत होते त्यांचे ठीक होते. पण १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांचे काम शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागले होते. त्या अर्ध्या सुटीत यॉर्कशर आणि लँकेशर या उत्तरेच्या परगण्यांतले विणकर आणि कोळसाखाणीतले मजूर रग्बी खेळू लागले. पाहायला हजारो माणसे जमू लागली. फाटकावर पैसे पडू लागले. ते पैसे क्लबात जात. ज्यांच्या हाडांवर ते मिळत त्यांना मात्र दूरच्या सामन्याला जायचे तर शनिवार सकाळचा खाडा होई. १८९३ च्या सप्टेंबरात लंडनच्या सभेत यॉर्कशरच्या प्रतिनिधींनी ठराव मांडला, की खेळाडूला पगार नको, फक्त बुडालेल्या रोजाची भरपाई द्यावी. ठरावाच्या बाजूने १३६ आणि विरुद्ध २८२ मते पडली. ज्याला खाडा परवडत नाही त्याने खेळू नये, असाच त्या मतदानाचा अर्थ होता.

तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांचे प्रतिनिधी बसले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. विगन हा क्लब त्यांच्यात होता. भरपाईचा दर ठरला दिवसाला सहा शिलिंग. १८९८ साली उघडपणे मोबदला देण्यास परवानगी मिळाली. पण तीही अशी, की खेळाडूला दुसरा खरा कामधंदा असलाच पाहिजे. दारूच्या गुत्त्यातला वाढप्या किंवा बिलियर्डच्या टेबलाशी गुण मोजणारा, हे खरे धंदे धरले जात नसत. म्हणजे बंडखोरांनाही आपली अब्रू सांभाळायची होतीच. पुढे त्यांनी खेळ वेगवान करण्यासाठी १९०६ साली खेळाडू पंधराचे तेरा केले, आणि १९२२ पासून त्यांच्या संस्थेला ‘रग्बी लीग’ हे नाव पडले.

युनियनने ह्याला जे उत्तर दिले ते आपल्या लोकांना समजायला अवघड नाही. तिने वाळीत टाकले. लीगच्या क्लबाकडून जो एकदा पैशासाठी खेळला त्याला युनियनच्या कोणत्याही मैदानावर जन्मभर बंदी. नुसती चाचणी देऊन आला तरी तो बाटला. त्याने पुढे शिकवायलाही यायचे नाही. खेळ एकच आणि चेंडूही एकच, पण पंक्ती वेगळ्या. ही बंदी दोनच ठिकाणी सैल झाली: महायुद्धात आणि सक्तीच्या सैनिकी नोकरीत. १९४३ आणि १९४४ साली सैन्यासाठी युनियन विरुद्ध लीग असे दोन सामने युनियनच्या नियमांनी झाले आणि दोन्ही लीगच्या खेळाडूंनी जिंकले. युद्ध संपल्यावर पंक्ती पुन्हा पूर्ववत झाल्या.

वेल्सची गोष्ट थोडी निराळी होती. तेथे खाणमजूरच रग्बी खेळत, पण तो देश युनियनमध्येच राहिला. तेथे वेल्सचा लाल सदरा अंगावर चढणे ह्यापरते भाग्य नव्हते. पण घरात अडचण आली, की उत्तरेच्या क्लबांचे हेर रात्री दार वाजवीत. गरजू खेळाडू रोख पैसे घेई आणि गाडीत बसे. ‘तो उत्तरेला गेला’ एवढेच वेल्समध्ये म्हणत. ज्या सुरात म्हणत तो सुर सुतकाचा असे.

अशा वेल्समधल्या कार्डिफ शहरात, बंदराला लागून असलेल्या ब्यूटटाउन वस्तीत, ६ ऑगस्ट १९३४ रोजी बॉस्टनचा जन्म झाला. दर्यावर्दी लोकांनी ह्या भागाला ‘टायगर बे’ असे नाव दिले होते. वेल्सचा कोळसा येथून जगभर जाई. आपल्या मुंबई बंदरातही तो उतरत असे. कोळसा नेणाऱ्या जहाजांवरचे खलाशी, येमेनचे, सोमालियाचे, पश्चिम आफ्रिकेचे, हिंदुस्थानचे, नॉर्वेचे, येथे उतरले, येथल्याच मुलींशी त्यांनी लग्ने केली आणि येथलेच झाले. पण पुलापलीकडच्या कार्डिफने त्यांना आपले मानले नाही. १९१९ च्या जूनमध्ये ह्याच शहरात गोऱ्या जमावांनी काळ्या खलाशांच्या घरांवर हल्ले केले होते आणि त्यांत माणसे मेली होती. बॉस्टनचे वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश कुळातली. घरात अकरा मुले.

पोराच्या पायांत विलक्षण गती होती आणि अंगात तितकेच बळ. त्याचे स्वप्न साधे होते. शहराच्या क्लबातून, म्हणजे कार्डिफ क्लबातून खेळायचे आणि मग वेल्सकडून. कार्डिफ क्लबाचे मैदान त्याच्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ होते. तेथून बोलावणे आले नाही. तो नीथ नावाच्या दुसऱ्या गावच्या क्लबाकडून खेळला. कार्डिफने त्याला का बोलावले नाही, ह्याचे लेखी कारण कोठे सापडायचे नाही. असली कारणे लिहून ठेवीत नाहीत. एवढेच नोंदवतो, की वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णी खेळाडू यायला पुढे १९८० नंतरचे दशक उजाडावे लागले.

बॉस्टन सैन्यात सक्तीच्या नोकरीवर गेला, सिग्नल्सच्या पलटणीत. सैन्याच्या चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने सहा ट्राय केले. विगनच्या कारभाऱ्यांच्या कानांवर त्याचे नाव गेलेच होते. १९५३ च्या मार्चमध्ये ते ब्यूटटाउनच्या त्या घरात येऊन बसले. त्या बैठकीची हकिकत बॉस्टनच पुढे सांगत असे. पाहुण्यांनी टेबलावर हजार पौंडांच्या नोटा पसरल्या. मुलाला जायचे नव्हते. ह्या लोकांना वाटेला लावावे म्हणून आईने म्हटले, तीन हजार द्या, म्हणजे तो सही करील. तिला वाटले, आता हे उठतील. पाहुणे म्हणाले, ठीक आहे, तीन हजार.

त्या काळी इंग्लंडातल्या मजुराला आठवड्याला नऊ-दहा पौंड मिळत. तीन हजार म्हणजे सहा वर्षांची मजुरी. आईने शब्द दिला होता आणि शब्द मोडायचा नव्हता. मुलाने सही केली. तो अठरा वर्षांचा होता. त्या सहीबरोबर कार्डिफ गेले, वेल्सचा लाल सदरा गेला, आणि तेही जन्मभरासाठी. आपण सही केली आणि रडलो, असे तो म्हातारपणीही सांगे.

मी ही हकिकत वाचली तेव्हा आधी त्या मुलाची कीव आली. मग आईची आली. तिने टेबलावरचे पैसे पाहिले तेव्हा माझ्या आईसारखे दोनदा मोजले असतील काय?

विगन हे लँकेशरातले कोळशाचे आणि कापसाचे गाव. तेथे रग्बी लीग म्हणजे शनिवारची जत्रा. नव्या खेळाडूचा पहिला सामना मुख्य संघाचाही नव्हता, दुय्यम संघाचा होता. तरी त्याला पाहायला साडेआठ हजार माणसे लोटली. मुख्य संघातून जेमतेम सहा सामने झाले होते तोच ब्रिटनच्या संघात निवड होऊन तो १९५४ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. अशा दौऱ्यावर गेलेला तो पहिला काळा खेळाडू. वय वर्षे एकोणीस. अठरा सामन्यांत त्याने छत्तीस ट्राय केले. ऑकलंडच्या कसोटीत एकट्याचे चार. दौऱ्यावर इतके ट्राय तोवर कोणी केले नव्हते.

इतिहास लिहिणाऱ्याने येथे थोडे थांबले पाहिजे. लीगवाल्यांकडे रंगभेद नव्हता, असे ह्यावरून कोणी समजू नये. त्यांच्यातलाच रॉय फ्रान्सिस हा गुणी काळा खेळाडू १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून वगळला गेला होता, आणि तो ऑस्ट्रेलियातल्या वर्णद्वेषाला भिऊनच वगळला, असे मानतात. पण लीगचे पैशाशी उघड नाते होते, आणि पैशाला एक गुण आहे: त्याला खेळ पाहावा लागतो. शनिवारी फाटकावर माणसे जमवणारा खेळाडू कोणत्या गल्लीतला, हे विचारून विगनला परवडणारे नव्हते. फुकट खेळणाऱ्यांना तशी गरज नव्हती. म्हणून त्यांना आपली आवडनिवड सांभाळता आली.

विगनकडून बॉस्टन १५ वर्षे खेळला. ४८८ सामन्यांत त्याने ४७८ ट्राय केले. एका सामन्यात सात ट्राय, असे दोनदा. तो मैदानाच्या कडेने धावे. अशा जागी सहसा हलक्या अंगाची, हुलकावणी देणारी माणसे असतात. हा हुलकावणी देई, बाहेरून वळसा घेई, आणि दोन्ही जमले नाही तर समोरच्याला अंगावर घेऊन त्याच्यासह रेषेपार जाई. १९५८ आणि १९५९ साली वेम्बलीवर विगनने चषक जिंकला तेव्हा तो संघात होता. १९६० साली ब्रॅडफर्डच्या ऑडसल मैदानावर अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला, त्याला ८३,१९० प्रेक्षक होते. त्या दिवशी त्याला कडेवरून काढून मध्ये खेळवले, आणि विगनने वेकफील्डला २७-३ असे लोळवले. देशाकडून तो ३१ सामने खेळला. त्याचे सारे मिळून ५७१ ट्राय होतात. त्याच्यापुढे लीगच्या इतिहासात एकच माणूस आहे, ऑस्ट्रेलियाचा ब्रायन बेव्हन.

धंदेवाईक खेळाडू म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कोट्यवधींचे लिलाव उभे राहतात. त्या काळचे हे धंदेवाईक तसे नव्हते. त्यांतले पुष्कळजण दिवसा खाणीत किंवा कारखान्यात राबत आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करीत. जिंकले तर एक मोबदला, हरले तर त्याहून कमी. हाड मोडले तर दोन्हीकडचा खाडा. क्लबाच्या नोंदीत नाव असेतोवर दुसऱ्या क्लबाकडून खेळता येत नसे. विकायचे की ठेवायचे हे क्लब ठरवी. म्हणजे पैशाने ह्या माणसांना मोकळे केले तसे बांधलेही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पण पैसे घेणाऱ्याला स्वाभिमान नसतो असे ज्यांना वाटते त्यांनी १९५७ सालची गोष्ट ऐकावी. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात विश्वचषकाचे सामने झाले. परतताना ब्रिटन आणि फ्रान्सच्या संघांनी दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनी सामने खेळायचे, असे ठरले होते. तेथे वर्णभेदाचे राज्य होते. बॉस्टन त्या देशात गेला नाही. सोबती दक्षिण आफ्रिकेच्या वाटेला लागले आणि तो एकटा घरी परतला. त्याने भाषण केले नाही की पत्रक काढले नाही. संघाने त्याच्यासाठी तो दौरा सोडायला हवा होता, असे आज आपण म्हणू. तेव्हा ते कोणी म्हटले नाही. एका मोठ्या संघात राहूनही माणूस किती एकटा असू शकतो, हे मला त्या प्रवासावरून कळते.

१९६८ साली त्याने विगन सोडले, थोडे दिवस ब्लॅकपूलच्या संघातून खेळला आणि १९७० मध्ये निवृत्त झाला. मग विगनमध्येच, आपल्या जुन्या मैदानाजवळ, एक पब चालवू लागला. कार्डिफला परत गेला नाही. ज्या गावाला त्याला पैसे देऊन आणावे लागले ते गाव त्याचे झाले, आणि ज्या गावाला तो फुकट हवा होता तेव्हाही नको होता, ते मागे राहिले.

त्याने वाट मळली म्हणून टायगर बेच्या आणि आसपासच्या पोरांनी ती धरली, असे म्हटले तरी चालेल. कार्डिफचाच क्लाइव्ह सुलिव्हन उत्तरेला गेला, १९७२ साली ब्रिटनचा कर्णधार झाला आणि त्याने विश्वचषक आणला. ब्रिटनच्या कोणत्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला काळा कर्णधार. त्याच्याकडेही वेल्सच्या युनियनचे लक्ष गेले नव्हते.

आणि मग १९९५ चा ऑगस्ट उजाडला. जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीला शंभर वर्षे पुरी होत होती. पॅरिसमध्ये युनियनच्या जागतिक मंडळाची बैठक झाली आणि मंडळाने जाहीर केले, की ह्यापुढे युनियनच्या खेळाडूंनीही पैसे घ्यायला हरकत नाही. वाळीत टाकलेल्यांनाही पंक्तीत घेतले. शंभर वर्षे जे पाप होते ते एका दुपारी पाप राहिले नाही. बॉस्टन तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता.

मुलाकडे मँचेस्टरला गेलो असता मी एक दिवस गाडीने विगनला गेलो. जुने मैदान आता राहिलेले नाही, त्या जागेवर मोठे दुकान आहे. परळच्या माणसाला ह्याचे नवल वाटू नये. पण गावाच्या मध्यभागी २०१६ साली उभारलेला बॉस्टनचा पुतळा आहे, चेंडू घेऊन धावणारा. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो तेव्हा बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या एका आजीबाईंनी मला थांबून सांगितले, की हा आमचा बिली. ‘आमचा’ ह्या शब्दावर त्यांनी जोर दिला. २०२३ साली कार्डिफनेही बंदराजवळ पुतळा उभारला: बॉस्टन, सुलिव्हन आणि टायगर बेचाच गस रिझमन, तिघे एकत्र. ज्यांना गावाने बोलावले नव्हते त्यांना गावाने अखेर ब्राँझमध्ये बोलावले. २०२५ च्या जूनमध्ये राजाने बॉस्टनला ‘सर’ ही पदवी दिली. तो नव्वद वर्षांचा होता आणि स्मृतिभ्रंशाने त्याला गाठले होते. लीगच्या १३० वर्षांत हा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. युनियनवाल्यांना असे मान कधीपासून मिळत होते.

उशिरा मिळालेला न्याय हाही न्यायच, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्या मुलाला लाल सदरा हवा होता, आणि तो कोणत्याही पदवीने मिळणारा नव्हता. पण त्याच्या आईने मागितलेले तीन हजार पौंड मात्र त्याच दिवशी, त्याच टेबलावर मिळाले, आणि त्यांच्यापायी त्याचा खेळ जगाला दिसला. माझ्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही झाले नाही. कोणी हेर दाराशी आला नाही, आणि मंडळाने दोन दिवसांचा रोजही दिला नाही. त्यांची पकड कशी होती हे पाहिलेली माणसे आता हयात नाहीत.

खेळासाठी पैसे मागणे शोभत नाही, हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळांच्या तोंडी ऐकले आहे. ते म्हणणाऱ्याचा स्वतःचा कधी एक तरी खाडा झाला होता काय, एवढे मी हल्ली आधी विचारून घेतो.